गाठीची जाळी : मखराच्या झालरीच्या नोंदी, निपाणी

२ जून

ठरलं. गल्लीतल्या गणपतीच्या मखराला यंदा विकतची लेस लावायची नाही. हाताने गाठ मारून विणलेल्या जाळीची झालर करायची आणि तिच्यात टाके भरून नक्षी काढायची.

मखराची कमान मोजली, १२० सेंमी. झालरीची उंची २० सेंमी ठेवू, खालची पंख्यांची कड वेगळी. घर १ सेंमीचं धरलं तर आडवी १२०, उभी २०, म्हणजे २,४०० घरं आणि सुमारे अडीच हजार गाठी. एका घराला दोन बाजूंचा धागा आणि गाठीत जाणारा, मिळून साडेतीन सेंमी लागेल. सगळी जाळी शंभर मीटरच्या आत बसते. मेहनतीच्या मानाने सूत फार कमी लागतं, हे या कामाचं मला पहिल्यापासून आवडतं.

माणसं चार. मी, शेजारच्या आक्का, मामी आणि दहावी झालेली भाची. आक्का आणि मामी दोघींनी आयुष्यभर विड्या वळल्या. विडीच्या तोंडाला दोरा गुंडाळून तोडायची त्यांची जी लकब आहे, तिचा इथे उपयोग होणार याची मला खात्री आहे. डाव्या हाताने वस्तू धरून ठेवायची आणि उजव्याने दोरा फिरवून ओढायचा, जाळीच्या गाठीतही हेच आहे.

क्रोशाची चौकोनी जाळी इथे घरोघरी येते. तोरणं, टीव्हीवरचे रुमाल, ताटावरची झाकणं, सगळं होतं. पण ती एका सलग धाग्याच्या साखळ्यांची असते. एक टाका तुटला की शेजारचेही सुटायला लागतात. गाठीच्या जाळीत प्रत्येक कोपरा स्वतंत्र बांधलेला असतो. मला हेच शिकायचं आणि शिकवायचं आहे.

५ जून

इचलकरंजीहून सूत आलं. २० काउंटचे सहा पदर पिळलेलं, पांढरं, जरासं चमकदार. काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा. आकडा वाढला की सूत बारीक. सहा पदर एकत्र केले की ते साधारण सव्वातीन काउंटचं होतं आणि शंभर मीटरचं वजन १८ ग्रॅमच्या आसपास भरतं. भरायच्या टाक्यांसाठी तेच सूत चार पदरी आणि कमी पिळाचं घेतलं. जाळीचा धागा कडक हवा आणि भरायचा मऊ, म्हणजे घर छान भरतं.

पीळ पाहायला वीतभर धागा दोन्ही हातांत धरून मध्ये सैल सोडायचा. लगेच वेटोळी पडली तर पीळ जास्त आहे. असा धागा सुईवर सतत गुंततो. आमचा धागा थोडासा वळून थांबला. चालेल.

८ जून

यमगर्णीला वेदगंगेच्या काठी राहणाऱ्या मामांकडे गेलो. नात्याने मामीचे चुलतभाऊ, भोई समाजातले, जन्म जाळ्यात गेला. आता नवं जाळं ते विणत नाहीत. कारखान्यातलं नायलॉनचं वजनावर मिळतं, ते आणून शिसं आणि दोर लावतात आणि फाटलं की दुरुस्त करतात. तरी हाताची गाठ जशीच्या तशी आहे.

भाचीने आमच्या कामाचं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी घराचं माप विचारलं. जाळ्याच्या घराला ते आस म्हणतात. १ सेंमी ऐकून म्हणाले, "एवढ्याशा आसात मासं न्हाई, डासबी गावायचा न्हाई ग." आणि लगेच पुढे, "पण गाठ तीच. पट्टी बारीक, सुई बारीक, बाकी कायबी बदलत न्हाई."

ओसरीवर बसून त्यांनी जाड सुतळीत गाठ करून दाखवली. जाड दोऱ्यात बघितलं म्हणून समजलं. वरच्या घराची कमान असते, तिच्या दोन्ही पायांना मागून वेढा घालून धागा स्वतःच्याच खालून बाहेर येतो. स्काउटमध्ये जिला शीट बेंड म्हणतात ती हीच. ओढ जितकी जास्त तितकी ती आवळते.

मग त्यांनी मुद्दाम चुकीची गाठही मारली. वेढा कमानीवर बसायच्या आधीच खाली घसरू दिला. दिसायला दोन्ही अगदी एकसारख्या. पण घराचे दोन पाय धरून ओढले की चुकीची गाठ फासासारखी सरकते आणि बरोबर असलेली जागची हलत नाही. "डोळ्यानं तपासू नगंस. वढून बघ." जाळीकामात मला आजवर मिळालेला हा सगळ्यात मोलाचा सल्ला आहे.

नायलॉनचा धागा गुळगुळीत, त्यात एक वेढा पुरत नाही म्हणून दुहेरी वेढा देतात, तेही त्यांनी दाखवलं. सुताला एकच पुरतो. सूत सुताला धरतं.

निघताना गोठ्याच्या खुंटीवर बैलाचं मुसकं टांगलेलं दिसलं, घायपाताच्या वाखाचं. शेजारी दह्याचं मडकं ठेवायचं शिंकं. हातात घेऊन दोन्हीच्या गाठी पाहिल्या. मुसक्याला पट्टी वापरलेली नाही, घरं बोटांच्या अंदाजाने, त्यामुळे लहानमोठी. बैलाला त्याने काही फरक पडत नाही. नक्षीच्या जाळीत मात्र सगळं काम मापावर उभं असतं.

११ जून

या आठवड्यात बेंदूर, त्यामुळे सगळीकडे गोंडे आणि रंग. आमचं काम हत्यारांपाशीच आहे.

पट्टी, म्हणजे जिच्यावर धागा घेतला की सगळी घरं एका मापाची होतात ती: बांबूची कामटी तासून केली. इथे एक हिशेब लक्षात ठेवायचा. धागा पट्टीला पूर्ण वेढा घालतो, म्हणून घराची बाजू म्हणजे पट्टीची रुंदी अधिक जाडी. १० मिमी रुंद, २ मिमी जाड पट्टीवर घर १२ मिमीचं होतं. आम्हाला १० हवं, म्हणून रुंदी ८ वर आणली. गोल सळई वापरली तर घेराच्या निम्मं धरायचं. ६ मिमीच्या स्वेटरच्या सुईवर घर जवळजवळ साडेनऊ मिमीचं होतं. ती सुई चालली असती, पण चपटी पट्टी बोटांत फिरत नाही आणि शिकताना तेच बरं. कडा काचेच्या कागदाने घासल्या, मेण चोळलं.

सुई: मासेमारीच्या सुईला पोटात जीभ असते, तिच्यावर धागा गुंडाळतात. ती १ सेंमीच्या घरातून जात नाही. बारीक कामाची सुई दोन्ही टोकांना चिमट्यासारखी फुटलेली असते आणि धागा लांबीने गुंडाळायचा असतो. सायकलच्या दुकानदाराने स्पोकची दोन्ही टोकं चिरून, जरा वाकवून, टोकाशी जवळ आणून दिली. धागा भरल्यावर सुईची जाडी घराच्या निम्म्याहून कमी राहिली पाहिजे. त्यामुळे एका वेळी थोडाच धागा भरता येतो आणि जोड जास्त येतात. त्याला इलाज नाही.

१४ जून

गाठ शिकायला बसलो. खिडकीच्या गजाला जाड दोऱ्याचा फास बांधला, त्यातून काम सुरू. हे नीट लिहून ठेवते, पुढच्या मुलींना लागेल.

डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत पट्टी धरायची, तिची वरची कड मागच्या ओळीला टेकलेली. धागा पट्टीवरून खाली आणायचा, मधल्या तीन बोटांच्या मागून वर घेऊन पट्टीवर अंगठ्याखाली दाबायचा. मग डावीकडून वर सैल सोडायचा, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या अंगाला धाग्याची एक कमान राहते. आता सुई बोटांभोवतीच्या वेढ्यातून, पट्टीच्या मागून, वरच्या घरातून पुढे काढायची. त्या कमानीवरून ओढायला लागायचं, ओढताना धाग्याचा एक फास करंगळीत अडकवून ठेवायचा. सुटायचा क्रम ठरलेला: आधी अंगठा, मग बोटं, करंगळीतला फास सगळ्यात शेवटी. करंगळी लवकर सोडली की धागा ढिला पडतो आणि वेढा खाली घसरून सरकती गाठ होते. उशिरा सोडली तर बिघडत नाही.

गाठ पट्टीच्या वरच्या कडेला अगदी लागून बसली पाहिजे. जरा वर राहिली तर पुढचं घर मोठं होतं आणि त्याच्या खालच्या ओळी वाकड्या जातात.

आक्कांना करंगळीचं चटकन जमलं. म्हणाल्या, "विडीचं पान दाबून धरायचं न्हवं? तसंच हाय की." मामीचा हात जड, पण त्यांची ओढ पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकसारखी. मला विचाराल तर जाळीत वेगापेक्षा याची किंमत जास्त. भाची प्रत्येक गाठ ओढून तपासते. चांगली सवय, मोडू द्यायची नाही.

१९ जून

सरळ ओळीत विणलं की जाळी तिरप्या घरांची होते, सगळी घरं टोकावर उभी. मासेमारीचं जाळं असंच. पण टाके मोजून भरायचे तर घरं चौकोनी, कडेला समांतर हवीत. त्यासाठी सुरुवात कोपऱ्यातून.

पहिल्या ओळीत दोनच घरं. काम उलटवायचं, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या घरात दोन गाठी मारायच्या, म्हणजे ओळीगणिक एक घर वाढतं. २० घरांचा चौरस हवा असेल तर २१ फास होईपर्यंत वाढवायचं. एक ओळ न वाढवता. मग प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन घरं एका गाठीत बांधून घटवत यायचं, शेवटी समोरच्या कोपऱ्यात दोन उरतात, ती एकत्र बांधायची. विणताना हे त्रिकोणी, लोंबतं, ओबडधोबड दिसतं. टाचण्यांनी कोपरे ताणले की एकदम चौरस उघडतो. पाटावर आज पहिला चौरस ताणला आणि मामींनी हातातलं काम ठेवून दिलं. दोनदा म्हणाल्या, "आग्गं, हे त्यातनंच आलं व्हय?"

२२ जून

मेण. सुईत भरण्याआधी धागा मेणाच्या खड्यावरून एकदा ओढायचा. लव बसते, गाठ सफाईने सरकून जागेवर येते. दोनदा ओढला तर धागा राखट दिसतो.

२७ जून

भाचीने विचारलं, आधी मासे की आधी नक्षी? आधी मासे, यात शंका नाही. १९१३ साली आंत्रेआ नावाच्या गावी, तेव्हाच्या फिनलंडमध्ये, आज तो भाग रशियात आहे, एका शेतकऱ्याला दलदलीत चर खणताना जाळं सापडलं. विलोच्या सालीच्या धाग्याचं, गाठी मारलेलं, सोबत झाडाच्या सालीचे तरंगते तुकडे आणि वजनाचे दगड. ते इसवी सनापूर्वी ८३०० च्या सुमाराचं मानतात. म्हणजे शेतीच्याही आधी तिथल्या माणसांना धागा वळून मापाची घरं बांधता येत होती.

त्याच जाळीवर युरोपात पुढे टाके भरायला लागले. सोळाव्या शतकात ते राजघराण्यापर्यंत पोचलं होतं. फेदेरिको विंचिओलो या व्हेनिसच्या माणसाने १५८७ साली पॅरिसमध्ये नमुन्यांची पुस्तिका छापली, त्यात जाळीसाठीचे नमुने चौकटींवर मोजून काढलेले आहेत, आपण आज आलेखकागदावर काढतो तसे. मग १८०८ पासून जॉन हीथकोटच्या यंत्रांनी पीळ घातलेली जाळी थानाने निघायला लागली आणि हातगाठीची जाळी मागे पडली. त्या यंत्राच्या जाळीत गाठ नसते, धागे एकमेकांभोवती फिरलेले असतात. बाजारातली मच्छरदाणी भिंगातून पाहा, तिथेही गाठ दिसणार नाही.

आपल्याकडे गाठ कधी गेलीच नव्हती. नदीवर होती, गोठ्यात होती, शिंक्यात होती. नक्षीकाम म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नाही, एवढंच. लेस शिकवणारे क्रोशा शिकवतात, जाळं विणणाऱ्याला कुणी शिकवायला बोलवत नाही. यमगर्णीच्या मामांना आम्ही पुढच्या महिन्यात घरी बोलावणार आहोत, गल्लीतल्या मुलींना त्यांच्याकडूनच गाठ शिकू दे.

३ जुलै

नमुनापट तयार. झालरीत हे सगळं वापरणार नाही, पण हाताला माहीत असावं.

गुलाबजाळी सगळ्यांना आवडली. एक ओळ रुंद पट्टीवर, घरं मोठी. पुढची ओळ त्याच्या निम्म्या पट्टीवर, पण घरं सरळ न घेता आधी दुसरं घर पहिल्यातून ओढून काढायचं आणि त्यात गाठ मारायची, मग पहिल्यात. दोन मोठी घरं एकमेकांत पिळली जातात. अशा ओळी आळीपाळीने घेतल्या की ताणल्यावर चार पाकळ्यांचा आकार दिसतो. पट्ट्यांचं प्रमाण साधारण दुप्पट हवं. त्याहून कमी घेतलं तर पीळ दिसत नाही, जास्त घेतलं तर लोंबतं.

पोळ्याची जाळी सोपी. एकच पट्टी, फक्त क्रम बदलायचा: दुसरं घर, मग पहिलं, चौथं, मग तिसरं. त्यानंतर एक साधी ओळ. त्यापुढच्या ओळीत पहिलं घर साधं घेऊन जोड्या एकाने सरकवायच्या. मामींची ओढ इथे खुलून दिसते.

लांब-आखूड घरांची जाळीही केली, एका घराला पट्टीवर दोन वेढे, पुढच्याला एक. गोल रुमालासाठी मध्ये कडी घेऊन चक्राकार विणून पाहिलं, वाढवायला काही ठरावीक घरांत दोन-दोन गाठी. ते पुढे कधीतरी सवडीने.

९ जुलै

झालरीची पट्टी सुरू. चौरसापेक्षा इथे एक फरक. कोपऱ्यातून २१ फास झाले की पुढे एका कडेला वाढवायचं आणि दुसऱ्या कडेला घटवायचं, म्हणजे रुंदी तीच राहून लांबी वाढत जाते. घटवायच्या कडेला लाल दोरा बांधून ठेवला. चौघींच्या हातून काम जाणार, कडा उलटसुलट झाल्या तर पट्टी कोपर काढून वळते.

ओढ प्रत्येकीची वेगळी, म्हणून जाळी चौघींत वाटायची नाही असं ठरलं. मूळ जाळी आक्का आणि मामी विणणार, तीही मोठमोठे तुकडे सलग. दर दहा ओळींनी टाचण्या लावून माप.

१५ जुलै

जोड कसा द्यायचा यावर बराच वेळ गेला. नवा धागा घराच्या मध्यावर बांधला तर नक्षी भरताना तो फुगवटा सुईला अडतो. म्हणून जोड कायम गाठीच्या जागीच घ्यायचा, जुनं टोक आणि नवं टोक एकाच गाठीत आवळून. टोकं लगेच कापायची नाहीत, धुऊन ताणल्यावर कापायची. ताणात धागा थोडा आत ओढला जातो.

२१ जुलै

चार दिवस झड. वेदगंगेचं पाणी चढलंय, मामांचं येणं पुढे ढकललं. दमट हवेत सूत फुगतं, गाठी पटकन बसत नाहीत. धाग्याची लडी चुलीजवळच्या फळीवर ठेवली, तेवढ्यानेही फरक पडतो.

२६ जुलै

पट्टी पूर्ण. दोन्ही कडेला घटवत शेवटचा कोपरा आक्कांनी बांधला. सैल स्थितीत ती ओंजळभर सूत वाटते. ताणून मोजली, लांबी ११८ च्या जवळ. चौकटीवर येईल ती १२० ला.

चौकट लाकडी, आतली बाजू जाळीपेक्षा चहूबाजूंनी दोन बोटं मोठी. लाकडाला सुती पट्टी गुंडाळून घेतली, त्या पट्टीला जाळीची कड दोऱ्याने ओवून बांधायची. घर न घर चौकोनी होईपर्यंत दोरा आवळत जायचं, बोटाने टिचकी मारली की जाळी ताठ लागली पाहिजे. ढिल्या जाळीत टाके भरायला कधी घेऊ नये. सुई काढल्यावर सगळं मुरडतं.

२९ जुलै

नागपंचमी. आज घरात कात्री, विळी काही चालत नाही, म्हणून धागा तोडायचा प्रश्नच नाही. नमुन्याचा कागद तेवढा काढला.

३ ऑगस्ट

नक्षी ठरली. आक्कांच्या एका इरकलीच्या पदरावर कसुतीतलं गोपुर आहे, तेच घेतलं. कसुती आपल्या बेळगाव-धारवाड पट्ट्याची, कापडाचे धागे मोजून भरतात, आधी छापून घेत नाहीत. गावंती टाका दोन्ही बाजूंनी सारखा, मुर्गी पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा, मेंथी फुल्यांचा आणि नेगी विणल्यासारखा भरीव. जाळीही मोजूनच भरायची, म्हणून कसुतीतले पायऱ्यांचे आकार इथे फारसे न बदलता उतरतात. मोर मी मुद्दाम टाळला. त्याच्या मानेची गोलाई १ सेंमीच्या घरात तुटक दिसते. गोपुराला पायऱ्याच आहेत.

कागदावर: गोपुर १५ घरं रुंद, कळस मध्ये यावा म्हणून विषम. उंची १४. वर-खाली तीन-तीन घरं मोकळी. दोन गोपुरांमध्ये पाच घरांची जागा. २० चा एक भाग, १२० मध्ये सहा गोपुरं बरोबर बसतात.

८ ऑगस्ट

कापडी टाका सुरू. गोपुराचा सगळा भरीव भाग याचाच.

एका घरात उभे दोन आणि आडवे दोन असे चार धागे येतात. आधी उभे घालून घ्यायचे: जाळीच्या एका दांडीवरून, म्हणजे घराच्या बाजूच्या धाग्यावरून, पुढच्या दांडीखालून, परत येताना उलट. मग आडवे, आणि हे मात्र उभ्या धाग्यांवरून-खालून विणत. झालं की घराच्या जागी कापडाचा चौकोन दिसतो आणि मधून जाळीच्या दांड्या आणि गाठी तशाच उठून राहतात. बोथट सुई घ्यायची, टोकदार असेल तर दांडीचा धागाच चिरते.

अवघड जागा वळणावर असते. पायरीवर घरं कमी होतात तिथे धागा वळवताना वर-खालीचा क्रम बिघडला तर दोन धागे शेजारी शेजारी एकाच बाजूने जातात आणि तिथे बारीक भेग पडते. म्हणून सुई हातात घेण्याआधी कागदावर धाग्याची पूर्ण वाट पेन्सिलने काढायची, कुठून निघाला, कुठे वळला, कुठे परत आला. भाचीने सहाही गोपुरांसाठी एकच वाट बसवली. ती कळसाखालून सुरू होते आणि तिथेच येऊन मिटते, मध्ये कुठे धागा तोडावा लागत नाही. माझ्या मते या झालरीतलं सगळ्यात सुंदर काम ते आहे. बघणाऱ्याला ते दिसणार नाही, पण त्यामुळे गोपुरांची मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ राहिली आहे.

१४ ऑगस्ट

मधल्या पाच घरांत फाशाचा टाका. घराच्या प्रत्येक दांडीच्या मध्यावर धागा काजाच्या टाक्यासारखा अडकवत जायचा. पहिल्या फेरीत वरच्या अर्ध्या कमानी, परतीच्या फेरीत खालच्या, त्या पहिल्यांत गुंतलेल्या. फास ओढायचा नाही, कमान सैल गोल राहिली पाहिजे. भरीव गोपुराशेजारी ही हलकी जागा लागतेच, नाहीतर सगळं एकाच वजनाचं दिसतं. गोपुराच्या दाराला रफू टाका वापरला, एकाच दिशेने दाट भरलेला. उजेड त्याच्यावर वेगळा पडतो.

कोळी टाका, म्हणजे चार घरांत तिरपे धागे टाकून मध्यावर गोल विणलेला, नमुनापटावरच ठेवला. आक्का घालायचाच म्हणत होत्या. गोपुराजवळ तो डोळा ओढून घेतो, म्हणून मी नको म्हटलं आणि त्यांनी ऐकलं.

१८ ऑगस्ट

पंखे. खालच्या कडेला दर चौथ्या घरात शाळेच्या रुंद प्लॅस्टिक पट्टीवर नऊ लांब फास, असे तीस पंखे. पुढच्या दोन ओळी बारीक पट्टीवर, प्रत्येक फासात एकेक गाठ. लांब फास पसरतात आणि बारीक ओळी त्यांना धरून ठेवतात, म्हणून कड आपोआप कमानदार होते. मामींनी एकहाती केलं.

२२ ऑगस्ट

कोमट पाण्यात साबणाने दाबून धुतली, चोळायची नाही. मेण जायला थोडं गरम पाणी दुसऱ्यांदा. तांदळाची पातळ खळ. ओली असतानाच पाटावर जुन्या चादरीवर टाचण्या लावून ताणली, आधी चार कोपरे, मग कडांचे मध्य, मग पंख्यांची टोकं. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात. वाळल्यावर जोडांची टोकं कापली.

२४ ऑगस्ट

मामा आले. ओसरीवर गल्लीतल्या मुली जमल्या होत्या, त्यांनी सुतळी आणि रुंद पट्टी घेऊन गाठ शिकवली. पहिल्यांदा जरा अवघडले, मुलींना अहो-जाहो करत होते. थोड्या वेळाने, "करंगळी सोडू नगंस म्हनलं न्हवं!" असा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायला लागला. झालर त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली. नक्षीबद्दल काही बोलले नाहीत. मधली दोन-चार घरं धरून ओढून पाहिली आणि मान हलवली.

२५ ऑगस्ट

मखराला झालर लागली. मागे गडद निळं कापड लावलं. पांढऱ्यावर जाळी हरवत होती.

९ सप्टेंबर

विसर्जनानंतर मखर उतरवताना विजेच्या माळेचा आकडा जाळीत अडकला आणि तिसऱ्या-चौथ्या गोपुराच्या मधली घरं फाटली. दांड्या तुटल्या, पण भोक तेवढ्यावरच थांबलं. शेजारची एकही गाठ सैल झालेली नाही. हे मी एकेक ओढून पाहिलं.

दुरुस्ती मामांच्या पद्धतीने. आधी भोक मोठं करायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच करावं लागतं. तुटके पाय कापत जायचं, जोवर वरच्या टोकाला एक तीन पायांची गाठ, म्हणजे तीन धागे शाबूत असलेली, आणि खालच्या टोकाला दुसरी तीन पायांची गाठ उरते. मधल्या सगळ्या गाठींना दोन-दोनच पाय असले पाहिजेत. मग वरच्या तीन पायांच्या गाठीला धागा बांधून निघायचं आणि एकदाही न तोडता, ओळीने भोक विणत खालच्या तीन पायांच्या गाठीत संपवायचं. कुठलीही गाठ एका पायाची किंवा मोकळी राहत नाही. हे जमलं नाही तर कापणं चुकलंय असं समजायचं.

भाचीने कापलं, मामींनी विणलं, फाशाचा टाका मी भरला. नवं सूत थोडं जास्त पांढरं दिसतं, पुढच्या धुण्यात बसेल. झालर गुंडाळून ठेवताना घडी घालायची नाही, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून वर सुती फडकं. नळी मंडळाच्या कपाटात, नमुनापट आणि पट्ट्या माझ्याकडे. दसऱ्यानंतर मुलींची पुढची बैठक. त्यांच्यातल्या तिघींची गाठ आता सरकत नाही, त्यांना चौरस घालून द्यायचा.